जुन्या जपानी मोटारीचें यंत्र जुळवितांना

मोटारगाडी जुनी झाली म्हणजे ती भंगारांत जावयाची, अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि बहुतेक गाड्यांच्या बाबतींत ती खरीही ठरते. तथापि कांहीं गाड्या अशा आहेत कीं, त्यांना पन्नास वर्षें उलटलीं तरी त्यांचे मालक त्यांना सोडीत नाहींत. उलट त्यांच्या एकेका खिळ्यासाठीं देशोदेशीं चौकशी करीत राहतात. जपानांत १९६५ ते १९७५ च्या सुमारास तयार झालेल्या वेगवान मोटारी, ज्यांना आपणही इंग्रजी नांवानेंच ‘स्पोर्ट्‌स कार’ म्हणतों, त्या या वर्गांत मोडतात. टोयोटा कंपनीची २००० जी-टी, माझ्दाची कॉस्मो स्पोर्ट आणि निसानची फेअरलेडी झेड हीं त्यांतलीं ठळक नांवें होत. या गाड्यांची निगा कशी राखतात व त्यांचें यंत्र कसें जुळवितात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. सर्व गाड्यांविषयीं थोडें थोडें सांगण्यापेक्षां एकीविषयींच नीट सांगावें असें आम्हांस वाटतें. कारण एका यंत्राची खरी ओळख पटली म्हणजे दुसऱ्याची पटण्यास फार वेळ लागत नाहीं. म्हणून निसानची झेड हीच गाडी आम्ही वाचकांपुढें ठेवतों.

ही गाडी १९६९ च्या अखेरीस जपानांत बाहेर पडली. परदेशांत, विशेषतः अमेरिकेंत, ती ‘डॅट्सन २४० झेड’ या नांवानें विकली गेली. निसानच्या अमेरिकेंतील व्यवहाराचे प्रमुख युताका काटायामा यांनीं तिचा मोठ्या हिरिरीनें पुरस्कार केला. हे गृहस्थ १९०९ सालीं जन्मले व २०१५ सालीं एकशें पांच वर्षांचे होऊन वारले. फेअरलेडी हें नाजूक नांव अमेरिकन गिऱ्हाइकास रुचणार नाहीं, म्हणून त्यांनीं गाडीवरील तीं अक्षरें काढविलीं अशी हकीगत सांगतात. २४० हा आंकडा यंत्राच्या आकारमानावरून आलेला आहे. एका ओळींत सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ८३ मिलिमीटर व पिस्टनची धांव ७३.७ मिलिमीटर, मिळून २,३९३ घनसेंटिमीटर. ज्या विद्यार्थ्यांस वृत्तचितीचें घनफळ काढतां येतें त्यांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा. गाडीचें वजन सुमारें एक टन, आणि किंमत त्या वेळीं अमेरिकेंत साडेतीन हजार डॉलरच्या आसपास. तेवढ्याच वेगाच्या युरोपीय गाड्या तेव्हां पुष्कळ महाग होत्या. त्यामुळें शिक्षक, कारकून व नुकतीच नोकरी लागलेले तरुण यांनाही ती घेतां आली, आणि ती मोठ्या संख्येनें खपली.

तिच्या टणकपणाची परीक्षा पूर्व आफ्रिकेंत झाली. तेथील सफारी रॅली ही चिखल, धूळ व खांचखळग्यांतून हजारों मैल चालणारी शर्यत १९७१ व १९७३ या दोन्हीं सालीं २४० झेडनें जिंकली. १९७३ चा विजेता शेखर मेहता हा कंपाला येथें जन्मलेला, भारतीय वंशाचा तरुण होता. त्या वर्षीं त्याचे व दुसऱ्या एका डॅट्सन गाडीचा चालक हॅरी केल्स्ट्रॉम याचे दंडगुण अगदीं सारखे भरले, आणि शर्यतींत अधिक वेळपर्यंत निर्दोष राहिल्याबद्दल मेहतास विजयी ठरविण्यांत आलें. पुढें १९७९ ते १९८२ हीं चार वर्षें लागोपाठ त्यानेंच ही शर्यत जिंकली, मात्र निसानच्याच दुसऱ्या गाडींतून.

आतां अशी गाडी कोणाच्या हातीं आली असें समजूं. प्रथम काय पाहावें? पुष्कळांचें लक्ष यंत्राकडे जातें. परंतु आमच्या मतें प्रथम पत्रा पाहावा. यंत्र कितीही बिघडलें तरी दुरुस्त होतें, गंजलेली गाडी मात्र हातांतून निसटते. त्या काळच्या जपानी गाड्यांचा पत्रा पातळ असे व त्यास गंजापासून आंतून संरक्षण फारसें नसे. शिवाय अमेरिकेच्या उत्तर भागांत हिवाळ्यांत रस्त्यांवरील बर्फ वितळविण्यासाठीं मीठ टाकतात. तें मीठ गाडीच्या पोटाखालीं चिकटून बसतें. २४० झेडमध्यें बॅटरीखालचा तळ, पायांखालची जमीन, दारांखालचे पट्टे व मागच्या चाकांवरील कमानी हीं गंजाचीं ठरलेलीं ठिकाणें आहेत. बॅटरीच्या जागीं तर आम्ल सांडून खालचा पोलादी आधारही कुजतो. रंग तुकतुकीत आहे म्हणून कोणी फसूं नये. लोहचुंबक घेऊन पत्र्यावर फिरवावें. जेथें तें चिकटत नाहीं तेथें पत्रा नसून लांबी भरलेली आहे असें समजावें. कोंकणांत समुद्राजवळ राहणाऱ्या वाचकांस गंजाविषयीं अधिक सांगण्याची गरज नाहीं.

पत्रा ठीक निघाला म्हणजे यंत्राकडे वळावें. यंत्र जुळविण्याच्या कामाला इंग्रजींत ‘ट्यूनिंग’ म्हणतात, आणि हा शब्द गायनाच्या परिभाषेंतील आहे हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. तंबोरा लावणारा मनुष्य तंबोऱ्याचा आवाज वाढवीत नाहीं. तारा एकमेकींशीं मिळवितो. आजकाल तरुण मंडळी ट्यूनिंग म्हणजे यंत्राची ताकद वाढविणें असें समजतात व पहिल्याच दिवशीं नवे भाग विकत आणतात. वास्तविक जुन्या गाडीची हरवलेली ताकद बहुधा तिच्या आंतच असते. सहा सिलिंडरांपैकीं दोन आळशी झालेले असतात आणि उरलेले चार त्यांचें ओझें ओढीत असतात. सहाही पुन्हा एका जिवानें काम करूं लागले म्हणजे मालकाला नवीन यंत्र बसविल्यासारखें वाटतें.

या कामाला एक क्रम आहे, आणि तो मोडला तर सारी मेहनत वायां जाते. आधीं सिलिंडरमधील दाब, मग झडपा, मग ठिणगी आणि सर्वांत शेवटीं कार्बोरेटर. कारण असें कीं, पुढच्या प्रत्येक गोष्टीचें माप आधींच्या गोष्टीवर अवलंबून असतें. गाडी नीट चालेनाशी झाली कीं लोक प्रथम कार्बोरेटरचे स्क्रू फिरवितात, कारण ते वर दिसतात व हातानें फिरतात. झडपेंतील दोष पेट्रोल वाढवून झांकला जातो, गाडी आठ दिवस बरी चालते, आणि मग झडप जळते. अशा रीतीनें दहा मिनिटांच्या कामापायीं महिन्याचें काम निघतें.

दाब मोजणें सोपें आहे. सर्व प्लग काढावे, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवावा, प्लगच्या भोंकांत दाबमापक धरून स्टार्टरनें यंत्र फिरवावें. सहाही सिलिंडरांचे आंकडे लिहून घ्यावे. आंकडा किती मोठा आहे यापेक्षां ते परस्परांशीं किती जुळतात हें अधिक महत्त्वाचें. एखादा सिलिंडर मागें पडला तर त्यांत चमचाभर तेल ओतून पुन्हा मोजावें. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, कारण तेलानें त्यांच्या फटी तात्पुरत्या बुजविल्या. न वाढला तर झडप किंवा गॅस्केट गळत आहे. चमचाभर तेलानें एवढा निवाडा होतो, याचें आम्हांस नेहमींच कौतुक वाटतें.

यानंतर झडपा. प्रत्येक सिलिंडरला दोन झडपा असतात. एक मिश्रण आंत घेते, दुसरी जळका वायु बाहेर टाकते. त्या उघडण्याचें काम डोक्यावर फिरणारा कॅमशाफ्ट नांवाचा दांडा करतो. त्याच्यावरील अंडाकृति उंचवटे रॉकर नांवाच्या लहान तरफांना दाबतात व तरफा झडपांना. उंचवटा व तरफ यांमध्यें झडप मिटलेली असतां थोडी फट ठेवावी लागते. या यंत्रांत ती थंड स्थितींत आंत घेणाऱ्या झडपेस ०.२० मिलिमीटर व बाहेर टाकणाऱ्या झडपेस ०.२५ मिलिमीटर असावी. यंत्र तापल्यावर तीच अनुक्रमें ०.२५ व ०.३० भरली पाहिजे.

येथें विचार करणाऱ्या विद्यार्थ्यास एक शंका यावयास हवी. उष्णतेनें धातु प्रसरण पावतात हें आपण पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकलों. मग तापल्यावर झडपेचा दांडा लांबून फट कमी व्हावी, ती वाढते कशी? उत्तर असें कीं, या यंत्राचें डोकें ॲल्युमिनियमचें आहे आणि झडप पोलादाची. ॲल्युमिनियम हें पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें. झडपेची बैठक डोक्याच्या तळाशीं व कॅमशाफ्ट डोक्याच्या माथ्यावर. दांडा लांबतो खरा, पण त्या दोहोंमधील अंतर त्याहून अधिक वाढतें. म्हणून फट रुंदावते. हा फरक साध्या कागदाच्या निम्म्या जाडीइतका, पण तो ध्यानांत न घेतां थंड यंत्रावर तापल्या यंत्राचें माप लावलें तर बाराही झडपा सैल राहतात, आणि तापल्या यंत्रावर थंडचें माप लावलें तर त्या घट्ट बसतात.

घट्ट बसणें हें अधिक वाईट. बाहेर टाकणारी झडप दर फेऱ्याला जळत्या वायूंत न्हाऊन निघते. ती थंड होते ती बहुतांशीं मिटून बैठकीला टेकल्यावर, बैठकीच्या वाटे उष्णता देऊन. फट नसेल तर ती पुरती टेकतच नाहीं, तिची कड लाल होते आणि अखेरीस जळून तिला खांच पडते. सैल झडप मात्र खडखड करून आपली तक्रार सांगते. म्हणून जाणते कारागीर थोड्याशा खडखडाटाला भीत नाहींत; जुनें यंत्र एकाएकीं अगदीं गुपचूप चालूं लागलें तर मात्र ते झांकण उघडून पाहतात. फट मोजण्यासाठीं पोलादाच्या पातळ पात्यांचा जुडगा मिळतो. पातें फटींत सारून ओढतांना लोण्यांतून सुरी जावी तसें जाऊं नये व अडकूंही नये. त्याला हलकीशी ओढ लागली पाहिजे. ही ओढ पुस्तकांतून शिकतां येत नाहीं. ती हाताला सांगावी लागते. अंतर बदलण्यासाठीं तरफेच्या टेकूचा स्क्रू फिरवावा व त्याची नट पुन्हा आवळावी, आणि आवळल्यावर फट फिरून मोजावी, कारण आवळतांना ती हटकून थोडी सरकते.

झडपा झाल्या कीं ठिणगीकडे यावें. यंत्र मिनिटाला ६,००० फेरे घेत असतां सहा सिलिंडरांना मिळून एका सेकंदांत ३०० ठिणग्या लागतात. त्या १-५-३-६-२-४ अशा क्रमानें ज्या त्या सिलिंडरकडे पाठविण्याचें काम डिस्ट्रिब्यूटर करतो. त्याच्या आंत ‘पॉइंट’ म्हणून दोन लहान टोंकें असतात. तीं एकमेकांपासून दूर होतांच वीजप्रवाह तुटतो व कॉइलमध्यें ठिणगीचा जोर उत्पन्न होतो. या टोंकांतील अंतर ०.४५ ते ०.५५ मिलिमीटर ठेवावें असा कंपनीचा नियम आहे. टोंकांस हलविणारा एक लहान ठोकळा फिरत्या दांड्यावर घांसत असतो. तो झिजला कीं अंतर कमी होतें, टोंकें उशिरां उघडतात, आणि ठिणगी उशिरां पडते. यावरून उघड होईल कीं, आधीं हें अंतर लावावें व मग ठिणगीची वेळ. उलट केलें तर वेळ लावून झाल्यावर अंतर बदलतांच ती पुन्हा चुकते.

ठिणगीची वेळ पाहण्याची युक्ति फार मनोरंजक आहे. यंत्राच्या पुढच्या बाजूस फिरणाऱ्या पुलीवर खुणा कोरलेल्या असतात. पहिल्या सिलिंडरच्या ठिणगीबरोबर लखकन् पेटणारा एक दिवा त्या खुणांवर धरतात. पुली वेगानें फिरत असते, परंतु दिवा दर वेळीं ती एकाच स्थितींत असतांना पेटत असल्यामुळें ती जागच्या जागीं थिजल्यासारखी दिसते, आणि खूण स्पष्ट वाचतां येते. मग डिस्ट्रिब्यूटर किंचित् फिरवून खूण त्या गाडीच्या पुस्तकांत सांगितलेल्या अंशावर आणावी. निरनिराळ्या सालांच्या व देशांच्या गाड्यांना हा अंश निरनिराळा आहे. म्हणून मित्राच्या गाडीचा आंकडा आपल्या गाडीस लावूं नये. यंत्राचा वेग वाढवितांच खूण पुढें सरकली पाहिजे, कारण वेग वाढला कीं ठिणगीही लवकर पडावी अशी डिस्ट्रिब्यूटरमध्यें लहान वजनांची योजना असते. पन्नास वर्षांच्या चिकट तेलानें तीं वजनें अडकून बसलेलीं पुष्कळदां आढळतात. अशी गाडी संथ चालते, चढावर मात्र दम सोडते, आणि दोष पुन्हा बिचाऱ्या कार्बोरेटरच्या माथीं मारला जातो.

आतां कार्बोरेटर. २४० झेडला हिताची कंपनीचे दोन कार्बोरेटर आहेत; पुढचा पहिल्या तीन सिलिंडरांस मिश्रण पुरवितो व मागचा उरलेल्या तिघांस. त्यांची रचना इंग्लंडांतील एस्‌-यू पद्धतीची आहे. एस्‌-यू हीं अक्षरें स्किनर बंधूंच्या कंपनीच्या नांवावरून आलेलीं आहेत. आपल्याकडील जुन्या ॲम्बॅसडर गाड्यांनाही एस्‌-यू कार्बोरेटर असे. तेव्हां ज्या कारागिरांनीं आपल्या गांवांत ॲम्बॅसडर दुरुस्त करण्यांत आयुष्य घालविलें, त्यांना या जपानी गाडीचें झांकण उघडल्यावर आंत ओळखीचाच चेहरा दिसेल. अशीं माणसें आतां म्हातारीं झालीं आहेत. नव्या गाड्यांत कार्बोरेटर नसल्यामुळें त्यांच्या हाताखालीं हें काम शिकणारा कोणी उरलेला नाहीं. आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या शेजारीं असा वृद्ध कारागीर राहत असेल तर एखाद्या सुटीच्या दिवशीं त्याच्याजवळ जाऊन बसावें. पुस्तकांत न सांपडणाऱ्या गोष्टी तो सहज सांगेल.

या कार्बोरेटरचें तत्त्व मोठें सुंदर आहे. हवेच्या वाटेंत एक पिस्टन उभा असतो, आणि त्याच्या डोक्यावर घुमटासारखें झांकण. यंत्र हवा ओढूं लागलें कीं घुमटांतील दाब कमी होतो व पिस्टन आपोआप वर उचलला जातो. ओढ कमी झाली कीं तो स्वतःच्या वजनानें व स्प्रिंगच्या दाबानें खालीं येतो. पिस्टनच्या तळाशीं एक निमुळती सुई असून ती पेट्रोलच्या नळींत, म्हणजे जेटमध्यें, उतरलेली असते. पिस्टन वर गेला कीं सुईचा बारीक भाग जेटमध्यें येतो, भोंवतालची जागा वाढते व पेट्रोल अधिक मिळतें. यंत्राला जेवढी हवा लागते तेवढी वाट तें स्वतःच उघडून घेतें आणि त्या हवेच्या मानानें पेट्रोलही मोजून घेतें. घुमटाच्या मध्यभागीं थोडें पातळ तेल घातलेलें असतें. चालकानें एकाएकीं पाय दाबला असतां पिस्टननें उडी मारूं नये म्हणून तें त्याला क्षणभर धरून ठेवतें. त्यामुळें त्या क्षणीं मिश्रणांत पेट्रोल किंचित् जास्त जातें व गाडी अडखळत नाहीं. हें तेल आटलें आहे हें न कळल्यामुळें शेंकडों मालकांनीं उगाच जेट बदलले असतील.

कामास हात घालण्यापूर्वीं पिस्टन बोटानें उचलून सोडावा. तो सरळ खालीं येऊन टक्‌ असा आवाज झाला पाहिजे. न झाल्यास घुमट काढून स्वच्छ पुसावा. दोन्ही घुमट एकाच वेळीं काढले तर त्यांवर खूण करून ठेवावी. प्रत्येक पिस्टन आपल्याच घुमटाशीं जुळविलेला असतो, आणि त्यांची अदलाबदल झाली तर तो दोष शोधतां शोधतां दिवस जातो. दोन्ही जेट प्रथम अगदीं वर नेऊन तेथून अडीच फेरे खालीं उतरवावे. ही आरंभाची स्थिति. मग दोन्ही थ्रॉटल जोडणारा दांडा सैल करून प्रत्येक कार्बोरेटर स्वतंत्र करावा व यंत्र चांगलें तापवावें.

हें काम उघड्या जागीं करावें, हें येथें बजावून सांगितलें पाहिजे. बंद खोलींत यंत्र चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड वायु सांठतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो मनुष्याचा प्राण घेतो. शाळकरी मुलांनीं वडील माणूस जवळ असल्याशिवाय चालत्या यंत्राजवळ जाऊंच नये. पंख्याचीं पातीं सदऱ्याची बाही पाहत नाहींत.

यंत्र तापून संथ चालूं लागलें म्हणजे दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढतात कीं नाहीं हें पाहावयाचें. त्यासाठीं हवामापक यंत्रें मिळतात, परंतु रबराची हातभर नळीही पुरते. नळीचें एक टोंक कानाशीं व दुसरें कार्बोरेटरच्या तोंडाशीं नेमक्या त्याच जागीं, तितक्याच अंतरावर धरावें. आंत हवा शिरण्याचा सूं सूं आवाज ऐकूं येतो. पुढचा ऐकावा, मागचा ऐकावा, पुन्हा पुढचा. तंबोऱ्याच्या दोन जोडाच्या तारा मिळवितांना कान जसा लागतो तसाच येथेंही लागतो. ज्याचा आवाज मोठा त्याचा थ्रॉटलचा स्क्रू किंचित् मागें घ्यावा, ज्याचा लहान त्याचा पुढें, आणि फेऱ्यांची संख्या मिनिटाला साडेसातशेंच्या आसपास राहील असें पाहावें. दोन्ही आवाज एक झाले कीं जोडणारा दांडा आवळावा, आणि पाय थोडा दाबून पुन्हा ऐकावें. कारण संथ चालींत मिळालेले दोन कार्बोरेटर दांडा वांकडा बसल्यास वेगांत फुटून वेगळे होतात.

त्यानंतर मिश्रण. कार्बोरेटरच्या बाजूस पिस्टन उचलण्याची एक लहान कळ असते. ती दाबून पिस्टन एक मिलिमीटरभरच उचलावा. यंत्राचा वेग क्षणभर वाढून लगेच पूर्वस्थितीवर आला तर मिश्रण योग्य आहे. वेग वाढला व वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त; यंत्र गुदमरून बंद पडूं लागलें तर पेट्रोल कमी. जेटची नट एका वेळीं षष्ठांश फेऱ्याहून अधिक फिरवूं नये, आणि प्रत्येक वेळीं थोडें थांबून ऐकावें. मिश्रण बदलल्यानें वेग बदलतो, वेग बदलल्यानें हवेचा मेळ बदलतो. म्हणून नळी घेऊन पुन्हा मागें यावें लागतें. दोनतीन वेळां असें येरझारें घातल्यावांचून हें काम पुरें होत नाहीं, आणि ज्याला तेवढा धीर नाहीं त्यानें या गाडीच्या वाटेस जाऊं नये असें आमचें स्पष्ट मत आहे.

पेट्रोलाविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे, कारण पन्नास वर्षांपूर्वींचें पेट्रोल आतां राहिलें नाहीं. अनेक देशांत त्यांत इथेनॉल मिसळतात. भारतांत तर २०२५ सालीं हें प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत आलें. इथेनॉलच्या अंगींच प्राणवायु असल्यामुळें त्याला जळण्यास हवा कमी लागते. म्हणून जुन्या जेटमधून तेवढेंच इंधन गेलें तरी मिश्रण विरळ पडतें, आणि जेट थोडा खालीं उतरवावा लागतो. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेतें व जुन्या रबराच्या नळ्या फुगवून कुजवितें. २४० झेडमध्यें धुराडें अगदीं कार्बोरेटरांच्या खालींच असल्यामुळें तापलेली गाडी थोडा वेळ उभी केली कीं पेट्रोल उकळूं लागतें व गाडी पुन्हा सुरू होण्यास कुरकुर करते. तेव्हां कुजकी नळी आणि तापलेलें धुराडें यांची गांठ पडूं देणें म्हणजे आगीला आमंत्रण होय. सर्व नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या घालाव्या; यांत काटकसर नको. आपल्या घरीं वापरांत नसलेली जुनी स्कूटर असेल तर पालकांनीं तिचीही नळी एकवार पाहावी.

मूळ भाग ठेवावे कीं नवे घालावे, यावर या गाड्यांच्या शोकिनांत फार वाद चालतो. १९७३ च्या २४० झेडला प्रदूषणाच्या नियमांसाठीं निराळे, सपाट डोक्याचे कार्बोरेटर बसविले होते. पुष्कळ मालकांनीं ते काढून आधींच्या सालांतले घुमटाचे घातले, आणि गाडीच्या चालीच्या दृष्टीनें ते योग्यच केलें असें आम्हांस वाटतें. तसेंच पॉइंट काढून १९७९ नंतरच्या २८० झेड-एक्स गाडीचा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्यूटर बसविण्याचीही चाल आहे. ज्याला गाडी रोज चालवावयाची आहे त्याला आम्ही नांवें ठेवणार नाहीं. परंतु शोभेसाठीं दोहोंच्या जागीं तीन दुहेरी कार्बोरेटर बसविणें व पत्रा कापून रुंद चाकें घालणें हें निराळें. काढलेला डिस्ट्रिब्यूटर पेटींत ठेवतां येतो व पुढचा मालक तो परत बसवूं शकतो. कापलेला पत्रा परत येत नाहीं. कंपन्यांनाही याची जाणीव झाली आहे. निसाननें १९९७ च्या सुमारास अमेरिकेंत कांहीं जुन्या २४० झेड विकत घेऊन, नव्यासारख्या करून, आपल्या दुकानांतून पुन्हा विकल्या, आणि टोयोटानें २०२० सालापासून २००० जी-टीचे कांहीं भाग नव्यानें तयार करण्यास आरंभ केला. स्वतः जपानांत मात्र जुनी गाडी बाळगणें खर्चाचें आहे. तेथें दर दोन वर्षांनीं सरकारी तपासणी करून घ्यावी लागते, आणि तेरा वर्षांहून जुन्या पेट्रोलच्या गाडीवर कर वाढतो.

सर्व जुळवणी झाली म्हणजे गाडी रस्त्यावर नेऊन दहा-पंधरा मैल चालवावी, थोडा चढही चढवावा, आणि परत येऊन यंत्र निवल्यावर सहाही प्लग काढून क्रमानें एका फळीवर मांडावे. काजळी धरली असेल तर त्या सिलिंडरला पेट्रोल जास्त जात आहे. पांढराफटक दिसला तर कमी. भाजक्या बिस्किटाचा फिकट तपकिरी रंग असेल तर ठीक. हल्लींच्या शिसेविरहित पेट्रोलानें हा रंग पूर्वींइतका खुलत नाहीं, म्हणून तो उजेडांत धरून पाहावा. एकच प्लग वेगळा दिसला तर दोष त्या सिलिंडरच्या झडपेंत किंवा तारेंत शोधावा. पुढचे तीन एका रंगाचे व मागचे तीन दुसऱ्या रंगाचे निघाले तर नळी पुन्हा कानाला लावावी. सहाही सारखे दिसले तर प्लग पुसून, त्यांचें अंतर पाहून, हातानेंच आटे धरवून परत बसवावे, मग बेतानें आवळावे, आणि झांकण मिटावें.